हॉटेल राजयोगच्या नऊ मोडलेल्या सोयरिकी

"मी शेखर हिंगणकार. अखंड विदर्भातला एकमेव स्वयंप्रशिक्षित गुप्तहेर. माझी नजर घारीची, कान हरणाचे आणि चिकाटी वसुली अधिकाऱ्याची. माणूस जिना कसा चढतो यावरून मी त्याचं गाव ओळखतो, आणि कसा उतरतो यावरून तालुका. माझ्या हातून आजवर एकच गुन्हेगार निसटला आहे, तोही माझी जेवणाची सुट्टी चालू असताना."

हे सगळं शेखरभाऊंच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं. छापायला बाहेर जावं लागलं नाही, कारण झेरॉक्सचं मशीन त्यांचंच होतं. खामगावातल्या त्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'हिंगणकार झेरॉक्स व गुप्तहेर सेवा' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात पीकविमा, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन.

माहितीपत्रक टाइप केलं होतं काजलनं. काजल पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं यायची. तिला घेतलं होतं टायपिंगसाठी; दुसऱ्याच दिवशी शेखरभाऊंनी तिला 'सहायक गुप्तहेर' करून टाकलं. तीन वर्षांत त्यांच्याकडे चार प्रकरणं आली. पहिल्यात एक हरवलेली स्कूटी सापडली. ती शेखरभाऊंनीच चुकून स्वतःची समजून नेली होती, पण सापडली ही गोष्ट कुणाला नाकारता यायची नाही. उरलेल्या तिन्हींचा तपास अजून चालू होता.

दुकानात एक जाडजूड वहीही होती, संशयितांची. तिच्यात पहिलं नाव होतं संघर्षचं. हा वरवट बकालचा पोरगा खामगावातच एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होता आणि दर दोन दिवसांनी दुकानात येऊन आपल्या आधार कार्डाची एक झेरॉक्स काढून न्यायचा. वर्षभर हे चाललं होतं. शेखरभाऊंनी वहीत लिहून ठेवलं होतं, 'हेतू वाईट, हे निश्चित. कोणता, ते कळायचे आहे.' हेतू काय होता ते समोरच्या पानटपरीवाल्याला, शेजारच्या शिंप्याला आणि एसटीच्या दोन कंडक्टरांना ठाऊक होतं. झेरॉक्स काढून द्यायची काजल, आणि एका पानाला तिला वीस मिनिटं लागायची.

तर त्या सोमवारी सकाळी दुकानात रामराव आले. रामराव म्हणजे हॉटेल राजयोगचे मालक. अंगानं भरलेले, गुडघ्यांनी हरलेले.

शेखरभाऊंनी खुर्चीतूनच हात वर केला. "थांबा. काही बोलू नका. आपण डावीकडून आलात, सकाळी मिसळ खाल्लीत, आणि आपल्या घरात एक मांजर आहे."

"उजवीकून आलो," रामराव म्हणाले. "मिसळ नाई, साबुदाना. चतुर्थी हाय. आन मांजर नाई, पोरगा हाय."

"जवळपास," शेखरभाऊ म्हणाले. "काजल, लिहून घे."

रामरावांचं दुःख मोठं होतं. हल्ली मुलगी पाहायला घरी जाण्यापेक्षा दोन्हीकडचे लोक हॉटेलातच भेटतात. जमलं तर जमलं. नाही जमलं तर गल्लीला पत्ता लागत नाही, आणि पोह्यांच्या बशा कुणाला घासाव्या लागत नाहीत. राजयोगचं तर यात नाव झालं होतं.

"गेल्या साली माह्या हाटेलात अकरा बैठका झाल्या," रामराव म्हणाले. "अकराच्या अकरा जमल्या. लोक म्हनत, राजयोगची पायरी चढली का हळद लागलीच समजा. मंग माहा पोरगा शिवम पुन्याहून हाटेलचं शिकून आला. त्यानं वर नवा एसी हॉल केला. दिवाळीपासून त्या हॉलात आठ बैठका झाल्या, शेखरभाऊ. आठही मोडल्या! अन् सुद्या नाई मोडल्या, भांडून मोडल्या. जेवनाले हात न लावता लोक जिना उतरून जातेत."

"कारण काय सांगतात?"

"कोन सांगते? मोडलेल्या सोयरिकीचं कोनी बोलते काय? जो तो म्हनते, समोरचे लोक बराबर नव्हते. आता लोक माह्या हाटेलले पनवती म्हनून राह्यले. मी वर जाऊन पाह्यलं असतं, पन हे गुडघे. वर्षभरात मी तो जिना चढलो नाई."

काजलचं पेन थांबलं होतं. कारण येत्या रविवारी त्याच हॉलात, दुपारी एक वाजता, नववी किंवा दहावी जी काय असेल ती बैठक तिची होती. आणि मुलगा होता संघर्ष.

आता हे स्थळ वरकरणी एका दूरच्या मामांनी आणलं होतं. त्या मामांना ते सुचवलं होतं संघर्षच्या मित्रानं, मित्राला सांगितलं होतं संघर्षनं, आणि संघर्षला अक्कल दिली होती काजलनं. घरच्यांच्या मते दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नव्हतं. ते तसंच राहायला हवं होतं, कारण पोरांनी आधीच ठरवलंय असा नुसता वास जरी लागला असता तरी दोन्हीकडच्या बापांनी ते मोडण्यात एकमेकांना मदत केली असती.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, दुसरं हाटेल पाहू ना. ते राजयोग बराबर नाई म्हनतेत."

"काऊन? काय झालं राजयोगले?" बाबा म्हणाले. "अन् टेबल त्यायनं सांगून ठेवलं, पोराच्या बापानं. आता जागा बदला म्हटलं का त्यायले वाटीन आपलं मन नाई. तू काळजी करू नोको. हे नाई जमलं तं हिवरा आश्रमचं स्थळ पुढच्या बुधवारी येऊनच राह्यलं."

काजलला रात्रभर झोप लागली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच, शेखरभाऊ खरोखर हुशार असते तर किती बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

मंगळवारी तपास सुरू झाला. शेखरभाऊ काळा चष्मा घालून हॉटेलात शिरले आणि पायपुसण्याला अडखळून काउंटरवर आदळले. "पायपुसणं संशयास्पद आहे," ते म्हणाले. काजलनं लिहून घेतलं.

वरचा हॉल खरंच देखणा होता. लाल खुर्च्या, एका भिंतीला छतापर्यंत आरसा, कोपऱ्यात माशांची मोठी काचपेटी आणि दिवे असे मंद की मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागे. शिवम हौसेनं सगळं दाखवत होता.

"बैठकीसाठी आपलं स्पेशल 'शुभारंभ पॅकेज' हाय, काका. गेस्टले काही सांगायची गरजच नाई. बसल्या बसल्या वेलकम, मंग सूप, मंग मेन कोर्स. सगळं सरप्राइज."

"वेलकम म्हंजे काय देता?" असं विचारायला काजलनं तोंड उघडलं, तेवढ्यात शेखरभाऊ ओरडले, "मासा!"

पेटीतला एक गलेलठ्ठ नारिंगी मासा काचेला तोंड लावून त्यांच्याकडे बघत होता. शेखरभाऊही त्याच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी मासा वळून गेला. "घाबरला," शेखरभाऊ म्हणाले. वेलकमचा विषय तिथंच राहिला.

मग नोकरांची चौकशी झाली. खाली मोरीपाशी भांडी घासणाऱ्या विमलबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"मले एक सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "त्या वरच्या बैठकीच्या वाट्या असतेत ना, त्या..."

"बाई," शेखरभाऊंनी त्यांना मायेनं थांबवलं, "गुन्हा वर घडतो. वाट्या खाली असतात. गुप्तहेरानं नेहमी घटनास्थळी राहावं."

"राहा मंग," विमलबाई म्हणाल्या आणि पुन्हा कढईला लागल्या.

घटनास्थळी राहायचं म्हणजे टेबलापाशी बसायचं, आणि टेबलापाशी बसल्यावर काही मागवावंच लागतं. "लोक जेवायला येतात आणि भांडून जातात," शेखरभाऊंनी काजलला समजावलं. "याचा अर्थ गुन्हा ताटात आहे. मला सगळा मेनू तपासावा लागेल. नाइलाज आहे." नाइलाजानं त्यांनी त्या दुपारी पनीर हंडी, शेवभाजी, काजू करी आणि सात तंदुरी रोट्या तपासल्या. शेवभाजी इतकी तिखट होती की त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं. "ही माणसाला भांडायला लावू शकते," ते हुंदके देत म्हणाले. पण मग काजलनं लक्षात आणून दिलं की लोक जेवणाला हात न लावताच उठतात. शेवभाजी निर्दोष सुटली. शेखरभाऊंनी तिची आणखी एक वाटी मागवून क्षमा मागितली.

बुधवारी गोडाची पाळी आली. फालुदा सरळ माणूस निघाला. मटका कुल्फीनं काही लपवलं नाही. मग आली सिझलिंग ब्राउनी. गरम तव्यावर ठेवलेला तो चॉकलेटचा केक फसफसत, धूर काढत टेबलावर आला तेव्हा शेखरभाऊ टेबलाखाली गेले.

"भाऊ, खायची हाय ते," काजल खाली वाकून म्हणाली.

"आधी तू खा," टेबलाखालून आवाज आला.

काजलनं खाल्ली. छान होती. पण तिच्या घशाखाली नीट उतरेना, कारण मेनू संपत आला होता आणि रविवार जवळ येत होता. मेनूवरचा एकूण एक पदार्थ निर्दोष ठरला होता.

त्यानंतर तर्क असे निघाले की बस. पहिला, आरशाचा. मुलाचा बाप आरशासमोर बसतो, त्याला स्वतःचा चेहरा दिसतो आणि त्याचा मूड जातो. दुसरा, प्रतिस्पर्धी हॉटेलवाल्यानं पाठवलेल्या हेराचा. त्यासाठी शेखरभाऊंनी त्याच दुपारी एका संशयिताचा पाठलाग केला. तो गॅसची सिलिंडरं पोचवत होता आणि संध्याकाळी त्यानं शेखरभाऊंना दोन सिलिंडरं उचलायला लावली. तिसरा तर्क बुटांचा होता. टेबलाखाली कुणीतरी कुणाचा तरी पाय मुद्दाम चेपत असणार.

"गुरुवारी नववी बैठक आहे," शेखरभाऊ म्हणाले. "आपण माशांच्या पेटीमागच्या टेबलावर बसू. मी वर बघतो. तू टेबलाखाली राहा आणि फक्त बूट बघ. नजर हलवायची नाही."

म्हणून गुरुवारी दुपारी काजल टेबलाखाली बसली. लांबून तिला फक्त पाय दिसत होते. काळे बूट, कोल्हापुरी, दोन लेडीज सँडल, एक नवा कोरा पांढरा बूट, तो बहुतेक मुलाचा. वर बोलणं चाललं होतं, पाऊस कसा झाला, सोयाबीनला भाव काय, रस्ता किती खराब. मग वेटरचे पाय आले आणि गेले. आणि एकदम सगळं शांत झालं. कोल्हापुरी मागं सरकली. काळे बूट उभे राहिले. "ही कोनती पद्धत झाली?" असा एक आवाज आला, "आम्हाले इचारता काय, सोताले इचारा!" असा दुसरा, आणि सगळे पाय जिन्याकडे वळले. शेवटी गेला पांढरा बूट, रेंगाळत, दोनदा मागं वळून. काजलला त्या बुटाची फार दया आली.

ती बाहेर आली तेव्हा शेखरभाऊ मधल्या टेबलावर बसून गुलाबजाम खात होते. चांदीचा वर्ख लावलेले, गरम गुलाबजाम, सहा वाट्या.

"भाऊ! तिथं सोयरीक मोडली आन तुम्ही गोड मागवून राह्यले?"

"तपासतोय," शेखरभाऊ भरल्या तोंडानं म्हणाले. "कुणी चेपला पाय?"

"कोनीच नाई."

"मग मासाच," शेखरभाऊ म्हणाले, आणि पुढची वाटी ओढली.

हा शेवटचा तर्क त्यांनी शनिवारी रामरावांना लेखी दिला. नारिंगी मासा टेबलाकडे एकटक पाहतो. कुणीतरी टक लावून पाहतंय असं दोन्ही पक्षांना वाटतं. प्रत्येकाला वाटतं, समोरचाच बघतोय. भांडण होतं. उपाय, मासा झाकावा. रामरावांनी कागद दोनदा वाचला, आणि घरून एक चादर मागवली.

त्या संध्याकाळी काजलनं संघर्षला फोन केला.

"नऊ मोडल्या," ती म्हणाली.

"दहावी नाई मोडनार."

"काऊन?"

"माह्या घरात आधारच्या झेरॉक्स ठेवाले आता जागा नाई," संघर्ष म्हणाला. काजल हसली, आणि फोन ठेवल्यावर रडली.

रविवार उजाडला. हॉलमध्ये माशांच्या पेटीवर फुलाफुलांची चादर टाकलेली होती. आरशावर रामरावांच्या घरचा पडदा लावला होता. शेखरभाऊ वेटरच्या वेशात होते, ओठांवर चिकटवलेली मिशी होती आणि ती एका बाजूनं सुटत होती. काजलनं त्यांना आधीच हात जोडून सांगितलं होतं की काही झालं तरी तिची ओळख दाखवायची नाही. "मी स्वतःचीही दाखवत नाही," ते म्हणाले होते.

काजलच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. समोर संघर्ष, कॉलरला हात लावत, छताकडे बघत. त्याच्या शेजारी त्याचे वडील, आणि त्यांच्या पलीकडे त्याची आजी, गोजरबाई. ऐंशी पार केलेली, वाकलेली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली. ती बसल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

पावसाचं बोलणं झालं. रस्त्याचं झालं. काजल मान खाली घालून टेबलावरच्या एका डागाकडे बघत होती आणि मनातल्या मनात डागाला नवस बोलत होती. तेवढ्यात शिवम हसत आला, आणि त्याच्या मागोमाग ट्रे आला. सगळ्यांपुढे एकेक वाटी. गरम गुलाबजाम, वर चांदीचा वर्ख.

काजलनं डागावरून नजर उचलून वाटीकडे पाहिलं.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. बोलणं होतं, देणंघेणं होतं, मुलगा मुलगी पसंत होतात, मोठी माणसं 'चला मग' म्हणतात, आणि मगच तोंड गोड होतं. गोड समोर आलं म्हणजे विषय संपला. ते आधीच येऊन ठेपलं तर त्याचा अर्थ एकच, समोरच्यांनी आपला होकार गृहीत धरला. आणि इथं टेबल सांगितलं होतं मुलाकडच्यांनी, म्हणून बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. हॉटेलात आधी येऊन बसले होते मुलीकडचे, म्हणून संघर्षच्या वडिलांनी बाबांकडे पाहिलं.

"पाव्हणे, लय घाई केली तुम्ही," बाबा म्हणाले.

"आम्ही?" संघर्षचे वडील म्हणाले. "घाई आमची का तुमची? पोरगी अजून धड पाह्यली नाई, चार शब्द बोललो नाई, आन तोंड गोड करायले बसवता?"

"आमच्या पोरीले काय स्थळं नाई येत? बुधवारी एक येऊन राह्यलं!"

"मंग जा ना बुधवारी! आमचा पोरगा काय रस्त्यावर पडला?"

खुर्च्या मागं सरकल्या. दोन्ही बाप उभे राहिले. आईनं पर्स घेतली. काजलच्या डोळ्यांसमोर गुरुवारचा तो पांढरा बूट आला आणि तिला सगळं कळलं, पण कळून उपयोग काय, नवरी मुलीनं बैठकीत तोंड उघडायचं नसतं. माशाच्या पेटीपाशी शेखरभाऊ चादर घट्ट ओढून धरत होते. "बघत नाहीये तो, बघत नाहीये," ते पुटपुटत होते.

तेवढ्यात विमलबाई धुतलेले ग्लास घेऊन जिना चढून आल्या.

"अवं माय! इतक्यात जमलं बी?" त्यांनी वाट्यांकडे पाहत विचारलं. मग उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिलं. "मंग गोड कोन ठेवलं?"

"मी," शिवम अभिमानानं म्हणाला. "वेलकम डेझर्ट हाय. पॅकेजमंदी फ्री."

विमलबाईंनी ग्लासांचा ट्रे खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"तरीच! इतक्या बैठका झाल्या, दर डावाले गुलाबजाम जसेच्या तसे खाली येतेत. फक्त या गुरुवारी वाट्या चाटून-पुसून आल्या, कोन खाल्ले देव जाने. म्या म्हटलं, या बैठकीच्या लोकायले गोड चालत नसन. अरे बाबू, बोलनं व्हायच्या आंधी गोड ठेवतेत काय? आमच्या गावात असं केलं असतं तं काठ्या निघाल्या असत्या!"

शिवमचं तोंड उघडं राहिलं. "पन कॉलेजात शिकवलं... पहिलं इम्प्रेशन..." तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला. नऊ सोयरिकी मोडणारा गुन्हेगार म्हणजे पाहुण्यांचं स्वागत होतं, आणि ते सापडलं होतं भांडी घासणाऱ्या बाईला.

पण गूढ सुटलं म्हणून सोयरीक जमते थोडीच. दोन्ही बापांना आता कळलं होतं की चूक हॉटेलची होती. आणि दोघांनाही हेही कळत होतं की मघाशी बोललेले शब्द मात्र त्यांचे स्वतःचे होते. आधी कोण बसणार, हा प्रश्न होता. बाबा उभेच राहिले. संघर्षचे वडीलही उभेच. पुढच्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी 'बरं, येतो मग' म्हणणार होतं, आणि बुधवारी हिवरा आश्रमचे लोक येणार होते.

त्या शांततेत चमचा वाटीवर वाजल्याचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरबाईंची वाटी रिकामी होती. संघर्षची वाटी त्यांच्यापुढे ओढलेली होती, तिच्यात एकच गुलाबजाम उरला होता, आणि तोही चमच्यात चढला होता.

"आई!" संघर्षचे वडील म्हणाले. "हे काय केलं?"

"खाल्लं."

"बोलनं व्हायच्या आंधी?"

"सकायी वरवट सोडलं तवापासून पोटात काई नाई माह्या. तू म्हने हाटेलात जेवू. आन हाटेलात आल्यापासून तू भांडूनच राह्यला." गोजरबाईंनी चमच्यातला गुलाबजाम तोंडात टाकला, सावकाश चघळला, गिळला. "आता माहं तोंड गोड झालं. ते काई मागं घेता येत नाई. बस खाली."

संघर्षचे वडील खाली बसले. आईसमोर आणि रितीसमोर, दोन्हींसमोर एकदम उभं राहणं त्यांना जमलं नाही.

आणि नेमक्या याच वेळी शेखरभाऊंनी चादर सोडली. त्यांची नजर पहिल्यांदाच नीट संघर्षवर पडली होती. मिशीचं एक टोक लोंबत असताना ते टेबलापाशी आले आणि बोट रोखून गरजले, "थांबा! या तरुणाला मी ओळखतो! हा वर्षभर, दर दोन दिवसांनी..."

आयुष्यात पहिल्यांदाच शेखरभाऊंचा तर्क बरोबर निघत होता. त्यांच्या डोळ्यांत काजलला तो जुळताना दिसत होता, आधार कार्ड, झेरॉक्सचं मशीन, एका पानाला लागणारी वीस मिनिटं.

"ए वेटर," गोजरबाई म्हणाल्या, "बोट काय दाखवून राह्यला? दोन वाट्या अजून आन. गरम पाह्यजेत."

"आजी, मी वेटर नाही. मी..."

"मंग वेटरचे कपडे काऊन घातले?"

शेखरभाऊंनी स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर वेश उघड न करता देता येत नव्हतं, आणि वेश उघड करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी मिशी दाबून बसवली आणि ते गुलाबजाम आणायला जिना उतरले.

आता मुलीकडचंच राहिलं होतं. बाबा अजून उभे होते. काजलनं समोरच्या वाटीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता जर मी काही केलं नाही तर जन्मभर मला या दुपारची आठवण छळेल. तिनं हात पुढं केला आणि अख्खा गुलाबजाम तोंडात कोंबला.

बाबा बघतच राहिले. मग ते हळूच खुर्चीत टेकले.

"म्या वावर किती ते इचारलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नोकरी इचारली, घर इचारलं. तुलेच इचारलं नाई. पोरगा पसंत हाय काय, बेटा?"

काजलला हो म्हणायचं होतं. हजारदा म्हणायचं होतं. पण गुलाबजाम मोठा होता आणि गरम होता, आणि तिला एवढा आनंद झाला होता की तो गिळताच येईना. तिनं मान हलवली. इतकी जोरात हलवली की पाक तिच्या हनुवटीवरून नव्या साडीवर ओघळला. समोर संघर्ष छताकडे बघायचं विसरून तिच्याकडे बघत होता.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग स्वतःची वाटी पुढं ओढली, चमचा बाजूला ठेवला आणि गुलाबजाम बोटांनीच उचलून तोंडात टाकला.